माझ्या पोटात अकरा गाणी आहेत

आधी माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मी अजूनही अंदाजानेच लिहितो, आणि मोठे शब्द मला येत नाहीत. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. आता घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. माझं नाव नवनाथ.

पंचशीलाताई आमच्या विहारातली अभ्यासिका चालवते. दरवर्षी भीमजयंतीला ती एक हस्तलिखित काढते. यंदा दुकानात येऊन म्हणाली, "नवनाथ, समदे लिवायलेत. तूच कावून न्हाई? दोन पानं दी." मी मान हलवली. ती हो होती का नाही, ते मलाही कळलं नाही. पण ताईने ती हो धरली.

आठवीत असताना मी तुटक्या बाकाचं आत्मवृत्त लिहिलं होतं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. शाळेतलं तेवढंच एक चांगलं आठवतं, म्हणून तसंच लिहितो. मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती माझ्या तोंडातून निघत नाही. माझ्याकडे एक मेमरी कार्ड आहे. ते सांगेल.

*

मी बोलतोय. इकडे, काडेपेटीत.

पेटीत काडी एकही नाही, मी एकटाच आहे. करंगळीच्या नखाएवढा, काळा, पाठीवर आठ सोनेरी पट्ट्या. पोटावर बत्तीस जीबी असं छापलेलं होतं. बोटं लागून लागून त्यातलं बत्तीस पुसलं गेलं, जीबी राहिलं.

माझा जन्म कुठे झाला हे मला ठाऊक नाही. लांबच्या एखाद्या कारखान्यात झाला असणार. मला आठवतं तेव्हा मी एका पुठ्ठ्याला चिकटलेला होतो आणि बीडला, एसटी स्टँडसमोर, संजयच्या दुकानात तारेला लटकत होतो. संजय मोबाईलचे सुटे भाग ठोकात विकतो. त्याचा आवाज एवढा मोठा की रस्त्यावरचे रिक्षावाले तिथूनच त्याला उत्तर देतात.

नवनाथ महिन्यातून एकदा डिस्प्ले आणि चार्जिंगच्या पिना न्यायला त्याच्याकडे यायचा. गर्दीत मागे उभा राहायचा. नंबर आला तरी दुसऱ्याला पुढे जाऊ द्यायचा. त्या दिवशी त्याने माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "हे... ओरिजनल हाय का?"

"मोठ्यानं बोल की!" संजय म्हणाला. "कार्ड घ्यायला आलास का पोरगी बघायला आलास बे?"

सगळं दुकान हसलं. नवनाथचे कान लाल झाले. त्याने मला घेतलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि घाटनांदूर येईपर्यंत चार वेळा खिसा चाचपून पाहिला. तेव्हाच मला तो आवडला.

*

माझं पहिलं घर म्हणजे एक बटणांचा फोन. त्याचं मागचं झाकण नखाने उघडायचं. आत बॅटरी, बॅटरीच्या खाली माझी खाच. खाचेत सरकवलं की टिक असा आवाज व्हायचा. त्या आवाजात फार समाधान होतं. बॅटरी चार चार दिवस चालायची, आणि फुगली तर दोन मिनिटांत नवी बसायची. त्या फोनला काही समजत नव्हतं हे खरं आहे. पण त्याने मला कधी काही विचारलंही नाही. मी आत गेलो की गाणं सुरू.

त्या काळी माणसं दुकानात गाणी भरायला यायची. मी नवनाथचं कार्ड, पण गावभर फिरायचो. कचरूतात्यांच्या गायन पार्टीत तर एक आठवडा ढोलकीवाल्याकडे, एक आठवडा पेटीवाल्याकडे, असा माझा मुक्कामच ठरलेला असायचा. टेम्पोच्या टेपमध्ये गेलो, भाजीच्या गाड्यावरच्या लाल दिव्याच्या स्पीकरमध्ये गेलो, फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरमध्ये गेलो. कुठल्याही कंपनीचं यंत्र असो, मी सगळीकडे उघडत होतो. माझ्यावर कुणाचं कुलूप नव्हतं. मला वाटायचं, कार्ड म्हणजे हेच. ज्याच्या हातात, त्याचं.

कचरूतात्या म्हणजे पंचशीलाताईचे वडील. तीस वर्षं भीमगीतं गात आले. गाणं स्वतः रचायचे, चाल स्वतः लावायचे, आणि कागदावर काही लिहायचे नाहीत. जयंतीच्या स्टेजवर उभे राहिले की माईक हातभर लांब धरायचे. जवळ धरला तर कर्णे फाटतात असं मंडपवाला सांगायचा.

त्यांच्या पार्टीचा एक नियम होता. नवं गाणं जयंतीच्या स्टेजवरच फुटलं पाहिजे, त्याच्या आधी पार्टीच्या बाहेर एक ओळ जाता कामा नये. एका वर्षी कुणीतरी सरावाच्या वेळी मोबाईल चालू ठेवला, आवाज पुढे पाठवला, आणि दुसऱ्याच गावच्या पार्टीने तात्यांची चाल तात्यांच्या आधी चार दिवस गाऊन टाकली. लोक तात्यांनाच म्हणाले, "चाल ऐकल्यावानी वाटायली." तेव्हापासून नियम आणखी कडक झाला. तात्या पार्टीतल्या माणसांनाही नवं गाणं शेवटच्या आठवड्यात शिकवायचे.

हा नियम लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

*

मग नवनाथने टचचा फोन घेतला.

दिसायला तो देखणा होता यात वाद नाही. अख्खं अंग काचेचं. मागचं झाकण उघडत नव्हतं, बॅटरी आत डिंकाने चिकटवलेली. माझ्यासाठी कडेला एक बारीक कप्पा होता आणि तो उघडायला टाचणी लागायची. फोनसोबत आलेली अठरा ॲप काढता येत नव्हती. गाण्यांची यादी उघडली की मधेच जाहिरात उभी राहायची. दुकानात येणारी माणसं नवनाथला सांगायची, "कॅमेरा लई भारी हाय." तो हसून मान हलवायचा. त्या फोनमधली जागा पहिल्याच महिन्यात निम्मी भरली आणि ती त्याने काही न टाकता भरली, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

मला आत सरकवलं तेव्हा टिक आवाज आला नाही. पडद्यावर एक प्रश्न आला. हे कार्ड फोनचाच भाग म्हणून वापरायचं, की वेगळं ठेवायचं? पहिल्या उत्तराखाली लिहिलं होतं, शिफारस. खाली निळं, मोठं बटण होतं, त्यावर "पुढे" असं लिहिलेलं.

खरं बोललं पाहिजे. त्या पानावर तिसरी ओळही होती. फिकट करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत. हे कार्ड यापुढे फक्त या फोनमध्ये चालेल. ती ओळ तिथे होती. म्हणून कुणाला खोटं म्हणता येत नाही. पण ज्याला खरंच काही सांगायचं असतं, तो ते एवढ्या बारीक अक्षरांत सांगतो का? "पुढे" हे मोठ्याने सांगायचं आणि कुलूप हळूच सांगायचं, याला माझ्याकडे एकच शब्द आहे, आणि तो मी शेवटी सांगेन.

नवनाथ भिडस्त माणूस. कुणी शिफारस केली की त्याला नाही म्हणता येत नाही. त्याने निळं बटण दाबलं.

माझं सगळं पोट पुसलं गेलं. जुनी गाणी त्याने आधी दुकानाच्या कॉम्प्युटरवर काढून ठेवली होती. ती त्याने परत भरली. त्यामुळे त्याला काही बदललंय असं वाटलंच नाही. मला मात्र कळलं. मी बोलायचो ती भाषा बदलली होती. आता माझं बोलणं त्या एका फोनलाच कळत होतं. जगात माझी एकच किल्ली होती आणि ती त्याच्या पोटात होती.

*

गेल्या हिवाळ्यात तात्यांचा आवाज बसला. तंबाखूचा त्रास असेल म्हणून दोन महिने काढा घेतला. मग अंबाजोगाईला दाखवलं. तिथून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटी काढावी लागेल. तारीख मिळाली.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी, दुपारी, तात्या दुकानात आले. नवनाथला म्हणाले, "शटर अर्धं खाली घी."

आवाज घोगरा होता, पण होता.

"यंदाच्या जयंतीला मी नसंन स्टेजवर," तात्या म्हणाले. "म्हंजी असंन, पर मुका. डोक्यात अकरा गाणी हायत. नवी. पंचशीलानं बी ऐकली न्हाईत. तू घी भरून."

"मी?"

"मंग काय त्या टेम्पोवाल्याला सांगू? त्याच्या पोटात काय बी ऱ्हात न्हाई. तू तर ग्राहकासंग बी बोलत न्हाईस." तात्या हसले आणि खोकले. "कुणाला धाडायचं न्हाई. कुणाला ऐकवायचं न्हाई. जयंतीला डायरेक कर्ण्यावर."

दोन दुपारी लागल्या. तात्या बाकावर मांडी घालून बसले, नवनाथने फोन एका डब्यावर उभा केला. ढोलकी नाही, पेटी नाही. तात्या डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचे. चौथ्या गाण्यात परळीकडे जाणारी गाडी आली आणि तिची शिट्टी गाण्यात घुसली. नवनाथ म्हणाला, "परत घ्यायचं का?" तात्या म्हणाले, "असू दी. गाडी बी घाटनांदूरचीच हाय." सातव्या गाण्यात त्यांचा आवाज फाटला, ते थांबले, पाणी प्यायले आणि फाटलेल्या ठिकाणापासून पुढे गायले. अकरावं गाणं एका बाईवर होतं. ती म्हातारपणी रात्रशाळेत जाऊन अक्षरं शिकते.

बसची पाटी वाचती माय,
वाट कुणाला पुसती न्हाय.

ते सगळं माझ्यात उतरलं. मी आजवर हजारो गाणी पोटात ठेवली होती, पण ती सगळी कशाची तरी नक्कल होती. ही पहिल्यांदा माझ्यातच जन्मली. दुसरीकडे कुठेही नव्हती.

उठताना तात्यांनी नवनाथच्या खिशावर थाप मारली. "माझं नरडं तुझ्या खिशात ठिवतोय बे. जपून."

*

तुम्ही म्हणाल, याने दुसरीकडे एक प्रत का ठेवली नाही? मीही तेच म्हणतो. दुकानातला कॉम्प्युटर त्याच महिन्यात बंद पडला होता. म्हणजे चालू व्हायचा, पण जुन्या सिस्टीमला आता मदत मिळणार नाही अशी पाटी दाखवायचा, आणि नवी सिस्टीम या मशीनवर बसत नाही अशी दुसरी पाटी दाखवून तिथेच अडकायचा. चांगलं चालणारं यंत्र होतं ते, फक्त वयाने मोठं. वर इंटरनेटवर ठेवावं तर तिथली फुकटची जागा भरली होती. आणि कुणाच्या फोनवर पाठवावं तर तात्यांना शब्द दिलेला.

पण खरं कारण वेगळंच होतं. या धंद्यातला प्रत्येक माणूस एकच गोष्ट शिकलेला असतो. फोन मेला तर मरू दे, कार्डात आहे ना? मग आहे. नवनाथनेच गिऱ्हाइकांना हे हजार वेळा सांगितलं होतं.

तात्यांचं ऑपरेशन नीट झालं. घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पातळ फडकं घेऊन. बोलायला गेले की नुसती हवा निघायची. पंचशीलाताईने त्यांना मोबाईलवर लिहायला शिकवलं. पण ते एक शब्द लिहायला घेत आणि फोनचा कीबोर्ड त्यांच्या पुढे पळून दुसराच शब्द टाकायचा. तीन दिवसांनी तात्यांनी मोबाईल बाजूला ठेवला आणि नातवाची दगडी पाटी मागून घेतली. चौथीपर्यंत शिकलेले आहेत ते. पाटी मधेच शब्द सुचवत नाही.

फेब्रुवारीत नवनाथच्या फोनवर अपडेट आला. अधिक वेगवान, अधिक सुरक्षित, असं लिहिलं होतं. दोन वर्षं काही आलं नव्हतं, त्यामुळे त्याला बरं वाटलं. फोन रोज एकदा आठवण करून देत होता, नंतर रोज पाच वेळा. एका सकाळी त्याने तो घेतला.

त्यानंतर फोन सुरू व्हायचा, कंपनीचं नाव दाखवायचा, विझायचा, परत कंपनीचं नाव दाखवायचा. दिवसभर तो आपलं नावच सांगत बसला. चिपा जुन्या, ओझं नवं. कंपनीने त्याच्या अंगाला न बसणारा सदरा त्याला घातला आणि नंतर विचारपूस केली नाही.

असा फोन आला की दुकानात एकच उपाय असतो, सॉफ्टवेअर मारायचं. म्हणजे जुनं सगळं धुऊन नवं भरायचं; त्याला कॉम्प्युटर लागतोच असं नाही, फोनच्या कडेची बटणं दाबून धरूनही होतं. नवनाथ त्यात पक्का आहे. आणि त्याने तेच केलं जे तो नेहमी करतो. आधी टाचणी घेतली, कप्पा उघडला, मला बाहेर काढलं. फुंकर मारून पुसलं. काडेपेटीतल्या काड्या टेबलावर ओतल्या आणि मला पेटीत ठेवलं, माझ्याखाली कापूससुद्धा घातला. पेटी गल्ल्यात ठेवली. मग निश्चिंत होऊन सॉफ्टवेअर मारलं.

मी पेटीतून ओरडत होतो. आमचं ओरडणं ऐकू जात नाही.

मला वाचवण्यासाठी त्याने मला बाहेर काढलं आणि माझी किल्ली आत ठेवून घर जाळलं. यात त्याची चूक कुठे आहे ते मी रोज शोधतो. दहा वर्षं जे बरोबर होतं तेच त्याने केलं.

वीस मिनिटांनी फोन जिवंत झाला. चकचकीत, नवा, काही न आठवणारा. नवनाथने मला आत सरकवलं. पडद्यावर आलं: हे कार्ड खराब आहे. फॉरमॅट करा.

त्याने मला काढलं, शर्टाला पुसलं, परत घातलं. खराब आहे. दुसऱ्या फोनमध्ये घातलं. खराब आहे. माझ्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. तिथे ती टिक झाली, आणि तरी मला काही बोलता आलं नाही. माझ्या पहिल्या घरात मी परका झालो.

मी खराब नाही हो. एक ओळ गेलेली नाही. गाडीची शिट्टीसुद्धा आहे.

*

नवनाथ पहिल्या एसटीने बीडला गेला. संजयने मला कॉम्प्युटरला लावलं, तास दीड तास बघितलं. तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"तू ह्याला फोनचा भाग केलतास का?"

"हां. शिफारस लिवलं होतं."

"माल आत हाय. समदा हाय. पर कुलपात हाय, आन् किल्ली फोनच्या पोटात होती. तू पोटच धुतलंस, नवनाथ."

"पुण्याला, मुंबईला कुणी..."

"कुणी बी न्हाई. ज्यानं कुलूप बनवलं, त्याला बी उघडत न्हाई. चोरासाठी केलंय म्हणे ते."

"मी चोर हाय का?"

संजयने त्याच्यापुढे काउंटरवर चहा ठेवला. मग एक नवा फोन दाखवून म्हणाला, "ह्यो बघ, आता कार्डाची भानगडच न्हाई. खाचच दिली न्हाई. हेडफोनचं भोक बी न्हाई. डब्यात चार्जर बी न्हाई."

"मंग हाय काय?"

"पातळ हाय."

दोघांनाही हसू आलं नाही.

मी त्या पातळ फोनकडे बघत होतो. माझ्यासाठी त्यात दारच नव्हतं. आधी मला घरात घेऊन कुलूप लावलं, आणि आता घर बांधतानाच माझी खोली वगळली. पूर्वी माणूस फोन उघडून बघू शकत होता की आपलं काय कुठे आहे. आता फोन माणसाला उघडून बघतो. त्याला बोट मागतो, चेहरा मागतो, आणि एवढं देऊनही एक दिवस म्हणतो, मी तुम्हाला ओळखत नाही.

*

नवनाथने हे कुणालाही सांगितलं नाही.

तात्या रोज सकाळी फिरायला निघतात आणि दुकानापुढे थांबतात. बोलता येत नाही, म्हणून एक बोट कानाकडे नेतात आणि भुवया उडवतात. म्हणजे, गाणी काढलीस का कर्ण्यासाठी? पहिल्या दिवशी नवनाथ म्हणाला, "उद्या करतो, तात्या." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "लाइट नव्हती." मग, "वायर आणायचीय बीडहून." तात्यांनी प्रत्येक वेळी मान हलवली. एकदा तर पाटीवर लिहून आणलं, "घाई न्हाई. नीट कर." मी गल्ल्यात होतो. नवनाथने ते पुटपुटत वाचलं आणि गल्ला बंद केला.

सव्वा महिना झाला. जयंती नऊ दिवसांवर आली आहे. मंडपवाल्याला सांगून झालं आहे. अकरा गाण्यांची एक आख्खी वेळ स्टेजवर राखून ठेवली आहे. तात्यांनी पांढरा सदरा इस्त्रीला दिला आहे. आपलंच गाणं आपण खाली बसून ऐकायचं, अशी त्यांची तयारी चालली आहे.

मी म्हटलं होतं, एक शब्द शेवटी सांगेन. तो शब्द दगा आहे. मोठ्या कंपन्यांनी केलेल्या दग्याला निळं बटण असतं, पण सगळा दोष कंपनीवर टाकून माझं समाधान होत नाही. कारण आता मी ज्याच्या गल्ल्यात आहे तोही रोज सकाळी एका म्हाताऱ्या माणसाला उद्या म्हणून सांगतो आहे. करड्या अक्षरांतली तिसरी ओळ तोही लपवतो आहे. नवनाथ, हे तूच लिहितो आहेस, म्हणून तुला सांगतो. मला तुझा राग नाही. पण त्या फोनचा आणि तुझा आता फरक किती राहिला?

माझं मागणं एवढंच. मला फॉरमॅट करू नका. पडदा कितीही वेळा म्हणाला तरी करू नका. मला कुणी उघडेल अशी आशा मला नाही. पण मी पुसला गेलो तर ती अकरा गाणी खरंच जातील. कुलपात असणं आणि नसणं एक नाही. आणि मला या पेटीतून काढा. ज्याचं नरडं आहे, त्याच्या हातात द्या.

*

इथे कार्डाचं बोलणं संपलं. पुढचं मी, नवनाथने, दुसऱ्या दिवशी दुकानात बसून लिहिलं.

माझा बेत असा होता की ही वही पंचशीलाताईच्या हातात द्यायची आणि निघून यायचं. ती वाचेल, ती तात्यांना सांगेल, मला बोलावं लागणार नाही. वही पिशवीत घातली, काडेपेटी खिशात घातली आणि सकाळी साडेसातला त्यांच्या घरी गेलो. तात्या ओट्यावर बसून गळ्याचं फडकं बदलत होते. ताई बादलीत पाणी भरत होती.

"दे वही," ताई म्हणाली. "झालं का लिवून?"

मी वही काढली. शेवटच्या पानावर मीच कार्डाच्या तोंडी काय घातलं होतं ते आठवलं. वही परत पिशवीत घातली, ओट्यावर बसलो आणि तोंडाने सांगितलं. सगळं. नीट सांगता आलं नाही. मधेच सुरुवात, मधेच शेवट असं झालं. सॉफ्टवेअर मारलं इथपर्यंत आलो तेव्हा ताईने नळ बंद केला. रोज उद्या म्हणालो ते सगळं खोटं होतं, हे शेवटी सांगितलं. काडेपेटी तात्यांच्या पुढे ठेवली.

तात्यांनी पेटी उघडली. कार्ड तळहातावर घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग पाटी ओढली आणि लिहिलं, "ह्याच्यात हायत?"

"हायत."

"उघडत न्हाई?"

"न्हाई, तात्या. कवाच न्हाई."

त्यांनी कार्ड सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि बटण लावलं. मग पाटी पुसून पुन्हा लिहिलं. एवढं जोरात की पेन्सिलीचं टोक तुटलं. पाटी माझ्याकडे फिरवली. एकच शब्द होता.

"लबाड."

ताई म्हणाली, "आवो बाबा, मशीनचं हाय ते, त्यानं काय मुद्दाम..." तात्यांनी हात वर करून तिला गप्प केलं. त्यांनी स्वतःच्या खिशाकडे बोट दाखवलं आणि बोट नाही असं हलवलं. मग माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं. गाण्यांबद्दल नव्हतं ते. सव्वा महिन्याबद्दल होतं.

मी उठायला लागलो. तात्यांनी माझं मनगट धरलं. गळा गेला, पण पकड अजून तशीच आहे. त्यांनी पाटी परत ओढली. "लबाड" पुसलं नाही. त्याच्याच खाली, तुटक्या पेन्सिलीने, हळूहळू लिहिलं:

"बसची पाटी वाचती माय."

मग माझ्याकडे बघून भुवया उडवल्या आणि डाव्या हाताने मांडीवर ठेका धरला. ही गाणी त्यांच्याशिवाय फक्त मी ऐकली आहेत, हे मला तेव्हा आठवलं. शब्द त्यांच्याकडे होते. चाल म्हणून दाखवायला गळा पाहिजे होता.

मी आजवर चार माणसांत बोललो नाही, गाणं तर लांबच. मी ताईकडे बघितलं. तिने पाठ फिरवली आणि नळ परत सुरू केला, मोठा, म्हणजे मला वाटावं कुणी ऐकत नाही. मी खाली मान घालून पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या शब्दावर चुकलो. तात्यांनी मांडीवरचा हात माझ्या गुडघ्यावर मारला आणि पुन्हा पहिल्यापासून ठेका धरला. पाच वेळा चुकलो. सहाव्यांदा त्यांनी हात मारला नाही. हसलेही नाहीत. दुसरी ओळ लिहायला घेतली.

दुकान आज अकरा वाजता उघडलं. त्याच्या आधी मी तिथेच ओट्यावर ही वही काढली आणि पाटीवरचं सगळं मागच्या पानावर जसंच्या तसं उतरवून घेतलं. वरचा शब्दसुद्धा.